निदानरेषा

गुडघ्याच्या एमआरआयचा रिपोर्ट हातात पडला की घरातलं प्रत्येक जण त्यात एकच गोष्ट शोधतं: 'टेअर' हा शब्द आहे की नाही. असेल तर त्याच्या आधी 'पार्शल' आहे की 'कम्प्लीट'. मग तो कागद व्हॉट्सॲपवरून ओळखीच्या तीन डॉक्टरांकडे जातो आणि ऑपरेशनच्या खर्चाची चौकशी सुरू होते. रिपोर्टाच्या तळाशी मात्र बहुतेक वेळा आणखी एक ओळ असते: 'प्लीज कोरिलेट क्लिनिकली.' म्हणजे, बाबांनो, प्रत्यक्ष माणसाला तपासा आणि आम्ही लिहिलंय त्याच्याशी ताळा घालून बघा. तंबाखूच्या पुडीवरच्या सूचनेसारखी ही ओळ सगळ्यांच्या नजरेखालून जाते आणि कुणीच वाचत नाही. माझ्या मते अख्ख्या रिपोर्टात सर्वांत कामाची ओळ हीच आहे. एमआरआय कमअस्सल आहे म्हणून नव्हे. तो फार चांगला आहे, इतका चांगला की त्याला काय विचारायचं हे ठाऊक नसलेल्यालाही तो भरभरून उत्तरं देतो. घोटाळा तिथे आहे.

आधी सांध्याकडे बघू. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो. गुडघ्यात तशी वाटी नाही. मांडीच्या हाडाची दोन गोलसर टोकं नडगीच्या जवळपास सपाट माथ्यावर टेकलेली असतात, पाटावर दोन नारळ ठेवावेत तशी. मध्ये कूर्चेच्या दोन चकत्या असतात. दवाखान्यात त्यांना सरसकट 'गादी' म्हणतात. हा डोलारा उभा राहतो तो स्नायूंच्या आणि चार मुख्य अस्थिबंधांच्या जिवावर. (अस्थिबंध हा शब्द पाठ्यपुस्तकातच राहिला, 'लिगामेंट गेलं' हे मात्र तालमीतल्या पोरालाही कळतं.) दोन बाजूंना दोन बंध, आणि सांध्याच्या ऐन मध्यात एकमेकांवर फुली मारून जाणारे दोन. त्यातला पुढचा तो एसीएल, जेमतेम तीन सेंटिमीटर लांब आणि सेंटिमीटरभर रुंद. नडगी पुढे सरकू न देणं आणि वळताना गुडघा ताब्यात ठेवणं हे त्याचं काम. कबड्डीत चढाईपटू पाय रोवून अचानक दिशा बदलतो किंवा बचावपटू त्याचा घोटा धरतो. पाऊल जागच्या जागी अडकतं, धड मात्र वळून गेलेलं असतं. त्या एका क्षणात हा बंध तुटतो. फुटबॉल, बास्केटबॉल, बॅडमिंटन यांतही तेच. आणि बहुतेकदा समोरच्याचा धक्का लागलेलाच नसतो, उडी मारून उतरताना गुडघा आत वळतो तेवढं पुरतं. मागचा बंध, पीसीएल, जातो तो वेगळ्या तऱ्हेने: वाकलेल्या गुडघ्याखाली नडगीवर समोरून आदळ बसला की. मोटारीचा डॅशबोर्ड हे त्याचं पुस्तकी उदाहरण. आपल्याकडे दुचाकीवरून पडणंही त्याच जातीचं.

आता गंमत अशी की एसीएल तुटला असेल तर तो फिल्मवर दिसण्याच्या कितीतरी आधी रुग्णाच्या तोंडून बोलत असतो. 'खट्टकन आवाज आला.' 'मैदानाबाहेर उचलून न्यावं लागलं.' 'दोन-तीन तासांत गुडघा भोपळ्याएवढा सुजला.' ही शेवटची वेळ फार महत्त्वाची आहे. काही तासांत सूज आली तर बहुधा सांध्यात रक्त उतरलेलं असतं. दुसऱ्या दिवशी सावकाश आलेली सूज वेगळं काहीतरी सांगते. मग महिन्याभराने: 'चालताना काही नाही, पण वळलो की गुडघा दगा देतो.' एवढं ऐकल्यावर जाणत्या डॉक्टरचा हात आपोआप एका विशिष्ट पकडीकडे वळतो. रुग्ण उताणा, गुडघा वीस ते तीस अंशांत सैल वाकवलेला. एका हाताने मांडी घट्ट धरायची, दुसऱ्याने नडगीचा वरचा भाग धरून पुढे ओढायचा. बंध शाबूत असेल तर ओढ एका जागी टणक अडकते. दाव्याला बांधलेली गाय पुढे निघाली की दावं ताणून जसा हिसका बसतो तसा. बंध तुटला असेल तर नडगी पुढे येते आणि शेवटी हिसका बसतच नाही, सगळं मऊ, लोण्यातून गेल्यासारखं. दुसऱ्या, चांगल्या गुडघ्यावर हेच करून तुलना करायची. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठातले जॉन लॅकमन ही पद्धत शिकवायचे. त्यांचे शिष्य जोसेफ टॉर्ग आणि सहकाऱ्यांनी ती १९७६ साली छापून प्रसिद्ध केली आणि गुरूचं नाव तिला चिकटलं. मिनिटभराचं काम, खर्च शून्य.

चित्राची वाट मात्र लांबची होती. १८७९ साली पॅरिसमध्ये पॉल सेगाँ नावाचा शल्यविशारद मृतदेहांचे गुडघे जोराने पिरगाळून काय काय तुटतं ते पाहत होता. नडगीच्या माथ्याच्या बाहेरच्या कडेवरून हाडाची एक छोटी कपची उपटून निघते, असं त्याने नोंदवलं. राँटगेनला क्ष-किरण सापडायला त्यानंतर सोळा वर्षं जायची होती. क्ष-किरणांत लिगामेंट दिसत नाही, हाड दिसतं. पण पुढे असं लक्षात आलं की सेगाँची ती तांदळाच्या दाण्याएवढी कपची एक्स-रेवर दिसली तर एसीएल बहुतेक वेळा तुटलेलाच असतो. आजही साध्या एक्स-रेचं महत्त्व आहे ते अशा कपच्यांसाठी आणि हाड मोडलं नाही ना हे बघण्यासाठी; 'एक्स-रे नॉर्मल आहे, लिगामेंट ठीक आहे' हे वाक्य मात्र कुणी उच्चारलं तर तिथून उठावं. सोनोग्राफी बाजूच्या बंधांना चांगली, कारण ते कातडीखालीच असतात. एसीएल खोल, हाडांच्या आडोशाला, तिथे तिचं फारसं चालत नाही. एकेकाळी खात्री करायची तर सांध्यात दुर्बीण घालूनच बघावं लागे. मग १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय क्षेत्रातून प्रतिमा मिळवण्याची रीत मांडली, पीटर मॅन्सफील्ड यांनी ती वेगवान केली, आणि २००३ साली दोघांना नोबेल मिळेपर्यंत गुडघा हे एमआरआयचं नेहमीचं गिऱ्हाईक होऊन गेलं होतं.

यंत्र बघतं ते पाणी. दीड टेस्लाचा चुंबक, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट, शरीरातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना वळण लावतो; रेडिओलहरींचा धक्का देऊन सोडलं की ती पूर्वस्थितीला येताना संदेश देतात, आणि कुठलं पाणी मोकळं, कुठलं बांधलेलं, हे त्यावरून कळतं. लिगामेंटचे तंतू इतके घट्ट वळलेले असतात की त्यात मोकळं पाणी जवळजवळ नसतंच. म्हणून निरोगी लिगामेंट काळं दिसतं. गुडघ्याचा बाजूने घेतलेला काप समोर धरा: वरून मागून खाली पुढे उतरणारी, ताणलेली काळी पट्टी म्हणजे एसीएल. तिच्या मागे, जाड, धनुष्यासारखा वाकलेला, अगदी काळाकुट्ट पीसीएल. तूट असली की पुढची पट्टी मध्येच विरते. तिच्या जागी पिंजलेल्या कापसासारखा करडा-पांढरा गोंधळ, किंवा पट्टी खाली लोळत पडलेली. आणि याहून बोलका पुरावा शेजारच्या हाडांत सापडतो. बंध तुटला त्या क्षणी नडगी पुढे सटकते आणि तिचा मागचा बाहेरचा कोपरा मांडीच्या हाडावर आदळतो. हाड मोडत नाही, पण आत मुका मार बसतो, आणि एमआरआयवर दोन्ही हाडांत समोरासमोर पांढरे डाग उमटतात. दारात चिखलाचे ठसे दिसावेत आणि चोर कुठून आला ते कळावं, तसा हा प्रकार. कित्येक आठवडे ते ठसे पुसले जात नाहीत. एवढी सुंदर साक्ष दुसऱ्या कुठल्या यंत्राने दिली नसती, हे मान्य करूनच पुढे जायला हवं.

मग आकडे. अनेक अभ्यास एकत्र करून २०१६ साली झालेल्या एका विश्लेषणात असं निघालं की एसीएल खरोखर तुटलेल्या शंभरांपैकी सुमारे ८७ जणांना एमआरआय पकडतो, आणि न तुटलेल्या शंभरांपैकी ९३ जणांना बरोबर 'शाबूत' म्हणतो. लॅकमनच्या हातपरीक्षेबद्दल २००६ सालच्या अशाच विश्लेषणातले आकडे होते ८५ आणि ९४. म्हणजे कोट्यवधींचं यंत्र आणि दोन हात जवळजवळ बरोबरीत! पण माझा मुद्दा बरोबरीचा नाही. ८७ आणि ९३ या आकड्यांचा अर्थ समोर कोण बसलंय त्यावर पार बदलतो, हा मुद्दा आहे. समजा, वर सांगितली तशी कहाणी असलेले शंभर खेळाडू आहेत आणि त्यांतल्या ऐंशी जणांचा बंध खरोखर तुटलाय. यंत्र त्यांतले सत्तर पकडेल, उरलेल्या वीस चांगल्यांत एखाद-दुसऱ्यालाच चुकून तुटलेला म्हणेल. 'तुटलाय' असा रिपोर्ट आला तर डोळे झाकून विश्वास ठेवावा. पण याच गटात 'शाबूत आहे' असा रिपोर्ट मिळालेले एकोणतीस जण असतील आणि त्यांपैकी दहा जणांचा बंध तुटलेला असेल. आता दुसरा गट घ्या: जिना चढताना गुडघा दुखतो म्हणून आलेले हजार प्रौढ, कधी जोराचं पडणं नाही, सूज नाही. त्यांत समजा वीस जणांचाच एसीएल गेलाय. यंत्र सतरा पकडेल. पण चांगल्या नऊशे ऐंशींपैकी शेकडा सात, म्हणजे एकोणसत्तर जणांनाही 'तुटलाय' म्हणेल. रिपोर्टात तूट लिहून मिळालेल्या शहाऐंशी लोकांपैकी खऱ्या तुटीचे फक्त सतरा. यंत्र तेच, रेडिओलॉजिस्ट तोच, शब्दही तेच. पहिल्या गटात तो पुरावा, दुसऱ्या गटात अफवा. आणि माणूस कोणत्या गटातला, हे चुंबकाला कळत नाही. ते विचारावं लागतं, हात लावून बघावं लागतं.

कबड्डीच्या मैदानावर मध्यरेषेपलीकडे एक रेष आखलेली असते, पुरुषांसाठी ३.७५ मीटरवर. तिचं नाव निदानरेषा. कुणाला स्पर्श न करता आणि ती न ओलांडता चढाईपटू परतला तर बाद. इथे 'निदान' म्हणजे 'कमीत कमी'. निदान एवढं तरी आत जाऊन ये. वैद्यकातल्या निदानालाही अशी एक रेषा आहे असं मला वाटतं, आणि ती एमआरआयच्या खोलीच्या दाराच्या अलीकडे आहे.

चित्र फसतं ते कसं, हेही जरा बारकाईने बघण्यासारखं आहे. वय वाढतं तसा काही जणांचा एसीएल आतून फुगतो, तंतूंमध्ये बुळबुळीत द्रव्य साचतं. एमआरआयवर तो जाडजूड, करडा, रेघारेघांचा दिसतो. सेलरी नावाच्या भाजीच्या देठाची उपमा रेडिओलॉजिस्ट त्याला देतात. बेसावध डोळ्याला ही तूट वाटते. हाताने ओढून बघा, हिसका टणक. उलट, जुनी तूट घ्या: तुटलेलं टोक खाली पडून शेजारच्या पीसीएलला चिकटतं, वर व्रण जमतो, आणि वर्षभराने कापात एक बऱ्यापैकी काळी पट्टी दिसते. रिपोर्ट म्हणतो शाबूत, गुडघा मात्र वळताना रोज दगा देतोय. काप तीन-चार मिलिमीटर जाडीचे, बंध तिरका, त्यामुळे तो एका कापात अख्खा येईलच असं नाही. अर्धवट तुटीत तर चांगल्या चांगल्यांची मतं जुळत नाहीत. या सगळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. एमआरआय काढताना माणूस वीस-पंचवीस मिनिटं पाय सरळ ठेवून निपचित पडलेला असतो. यंत्राला दोरी दिसते, दोरीवरचा ताण दिसत नाही. आणि लिगामेंटचं सगळं काम ताणात आहे.

पन्नाशीपुढच्या गुडघ्यांत तर चित्रात काही सापडण्यापेक्षा काहीच न सापडणं अवघड. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात रस्त्यावरून उचलावेत तशा यादृच्छिक निवडलेल्या, पन्नास ते नव्वद वयाच्या ९९१ लोकांचे गुडघे एमआरआयमध्ये घातले गेले. २००८ साली त्याचा निष्कर्ष छापला. पन्नाशीतल्या बायकांत शेकडा १९ जणींची गादी फाटलेली, सत्तरीपुढच्या पुरुषांत शेकडा ५६ जणांची. आणि ज्यांची फाटलेली होती त्यांतल्या ६१ टक्क्यांना गेल्या महिन्यात गुडघ्याची काहीही तक्रार नव्हती. म्हणजे गुडघा दुखतोय आणि रिपोर्टात गादी फाटलीय, एवढ्यावरून एकामुळे दुसरं झालं असं म्हणणं हे पांढरे केस आणि गुडघेदुखी यांचा संबंध जोडण्यासारखंच.

यावर आक्षेप येणार, आणि ते हलके नाहीत. पहिला: ताज्या, टम्म सुजलेल्या गुडघ्याला कोण हात लावू देतंय? मांडीमागचे स्नायू वेदनेने इतके आवळलेले असतात की नडगी पुढे ओढलीच जात नाही, बंध तुटलेला असला तरी. खरं आहे. पण त्यावरचं उत्तर बहुतेक वेळा दहा-बारा दिवस थांबून, सूज उतरल्यावर पुन्हा तपासणं हे असतं. अर्थात काही गुडघे थांबत नाहीत. गुडघा एका जागी अडकला आणि सरळच होत नसेल, तर गादीचा तुकडा मध्ये शिरलेला असू शकतो. त्याला एमआरआय लवकर हवा. आणि मोठ्या अपघातात दोन-तीन बंध एकदम गेले असतील तर प्रश्न लिगामेंटचा राहतच नाही: गुडघ्यामागून जाणारी धमनी फाटलेली असू शकते, पाय वाचवायला हातात काही तासच असतात. तिथे आधी पावलावरची नाडी बघायची, शंका आली तर रक्तवाहिन्यांचं सीटी स्कॅन, लिगामेंटचं नंतर. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: लॅकमनचे ते ८५ टक्के तज्ज्ञांच्या हातातले, तालुक्याच्या ठिकाणी रोज शंभर पेशंट बघणाऱ्या डॉक्टरच्या हातात किती? कमी असणार, यात शंका नाही. पण मग उपाय हात शिकवण्याचा आहे. न शिकलेला हात चित्राच्या स्वाधीन केला तर वरचा दुसरा गट तेवढा फुगतो. तिसरा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. एसीएल जाताना एकटा जात नाही. गादी, कूर्चा, बाहेरचा मागचा कोपरा, काहीतरी बरोबर नेतो, आणि हाताला ते सगळं कळत नाही. ऑपरेशन ठरलं असेल तर एमआरआयशिवाय आत शिरणं शहाणपणाचं नाही. फक्त, ऑपरेशन ठरलं कशावरून, हे आधी विचारायचं.

कारण तूट दिसली म्हणजे ऑपरेशन, हे समीकरण वाटतं तितकं पक्कं नाही. स्वीडनमध्ये एसीएल नुकताच तुटलेल्या १२१ तरुण, सक्रिय लोकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं गेलं. एका गटाचं लगेच ऑपरेशन आणि व्यायाम; दुसऱ्याचा आधी फक्त व्यायाम, गरज वाटली तर मागाहून ऑपरेशन. २०१० साली निकाल आला: दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत लक्षणीय फरक नाही. पाच वर्षांनी दुसऱ्या गटातल्या साधारण निम्म्या लोकांनी ऑपरेशन करून घेतलेलं होतं, निम्म्यांनी नाही. (व्यावसायिक खेळाडू या चाचणीत नव्हते, ज्याचं पोट चढाईवर चालतं त्याने स्वीडनचा दाखला देऊन घरी बसू नये.) या सगळ्यांच्या एमआरआयवर तूटच होती. निम्मे कोण आणि निम्मे कोण, हे त्या फिल्मांत लिहिलेलं नव्हतं. ते ठरलं गुडघा रोजच्या वळणावर दगा देतो की नाही यावरून.

उद्या हे सगळं संगणकच वाचेल, असंही म्हटलं जातं. वाचेल. २०१८ साली स्टॅनफर्डच्या गटाने गुडघ्याच्या १,३७० एमआरआय तपासण्यांचा संच वापरून तयार केलेली प्रणाली एसीएलची तूट ओळखण्यात रेडिओलॉजिस्टांच्या बरीच जवळ पोचली होती, आणि जिथे रेडिओलॉजिस्टच नाही तिथे अशा मदतीचं मोल मोठं आहे. पण वरचा हिशेब त्याने सुटत नाही. ८७ चे ९७ झाले तरी जिना चढताना दुखणाऱ्या हजारांत खोट्या तुटी येतच राहतील, जोवर ते हजार जण विचारपूस न करता यंत्रात पाठवले जातात.

आणि ते पाठवले कसे जातात, हे बघायचं असेल तर एमआरआय सेंटरवर घेऊन जायची चिठ्ठी बघावी. तिच्यावर 'क्लिनिकल हिस्टरी' असा एक रकाना असतो. रेडिओलॉजिस्टला रुग्ण भेटतोच असं नाही. त्याला काय शोधायचं ते या रकान्यातून कळायचं. तिथे कुणी लिहिलं की 'तीन आठवड्यांपूर्वी कबड्डी खेळताना डावा गुडघा पिरगाळला, आवाज, दोन तासांत सूज, लॅकमन मऊ, एसीएल आणि आतली गादी बघा', तर तो माणूस एसीएलचे काप दोनदा बघतो, हाडांतले ठसे शोधतो, गादीचं मागचं टोक डोळ्यांत तेल घालून तपासतो. बहुतेक चिठ्ठ्यांवर त्या रकान्यात दोनच शब्द असतात: 'नी पेन'. मग तोही दिसेल ते सगळं लिहितो आणि खाली ती ओळ टाकतो.